गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी काय काय तपासायचं

एसी गार करेनासा झाला की पहिलं निदान ठरलेलं असतं: ‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’ पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील यांतून वर्षाला काही ग्रॅम झिरपतात, पण तेवढं धरूनही निरोगी सिस्टीम बरीच वर्षं निघते. गॅस खरोखर कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. कमी झालेला नसताना वरून आणखी भरला, तर चालता एसीसुद्धा बिघडतो. म्हणून भरायचं शेवटी, शोधायचं आधी.

खालचा क्रम सोप्या आणि बिनखर्चिक तपासण्यांपासून अवघडाकडे जातो. बऱ्याच तक्रारींत गॅसचा दाब मोजणारं गेज बाहेर काढायची वेळही येऊ नये.

चक्र थोडक्यात

कॉम्प्रेसर वायुरूप गॅस दाबतो, तेव्हा तो चांगलाच तापतो. पुढच्या जाळीमागे बसलेल्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेने तो निवतो आणि त्याचा द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा आणि कचरा धरून ठेवतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून द्रव कुलिंग कॉइलमध्ये सुटतो, दाब एकदम पडतो, द्रव उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता ब्लोअरच्या हवेतून ओढून घेतो. तिथून पुन्हा वायू होऊन जाड नळीने कॉम्प्रेसरकडे.

लक्षात ठेवायचं एवढंच: बॉनेटखालची बारीक नळी हाय साइड (जास्त दाबाची बाजू), ती गरम हवी. जाड नळी लो साइड (कमी दाबाची), ती गार आणि घामेजलेली हवी. गॅसबरोबर तेलही फिरत असतं. कॉम्प्रेसरला वंगण तेवढंच मिळतं, त्यामुळे गॅस कमी असताना एसी रेटत राहिलं की तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा झिजतो.

पाना हातात घेण्याआधीची चाचणी

गाडी सावलीत लावा. हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा, तापमान सर्वांत कमी, ब्लोअर पूर्ण, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास. स्वयंपाकातला प्रोबवाला थर्मामीटर डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत खोचा आणि १० मिनिटं थांबा. बाहेर ३० ते ३५ अंश असताना तिथे साधारण ५ ते १० अंश दिसायला हवेत; हवा दमट असेल तर दोन-चार अंश जास्त धरून चाला, कारण कॉइलची बरीच शक्ती हवेतलं पाणी काढण्यात जाते.

आता तक्रार नीट शब्दांत मांडा. ‘गार करत नाही’ हे फार ढोबळ झालं. हवाच कमी येते? हवा भरपूर पण अजिबात गार नाही? धावताना गार, सिग्नलला उभं राहिलं की कोमट? पहिली २० मिनिटं छान आणि मग बंद? एका बाजूला गार, दुसरीकडे गरम? या प्रत्येक उत्तराचा दोषी वेगळा असतो.

हवाच कमी येत असेल

आधी केबिन फिल्टर काढा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो. कागद काळा झाला असेल, पानांचा चुरा साचला असेल तर बदला. फिल्टर काढून टाकल्यावर हवा लगेच वाढली तर रोग सापडला. १५ ते २० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष ही साधारण मर्यादा. धुळीच्या रस्त्यावर त्याच्या निम्मी. धुऊन पुन्हा वापरलेला कागदी फिल्टर फुगतो आणि कडेने हवा गळते, ती बचत नको.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो आणि खालच्या स्पीडना मेलेला असतो? तर त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलाय. शेवटच्या स्पीडला वीज रेझिस्टरला वगळून थेट मोटरला मिळते, म्हणून तेवढीच शिल्लक राहते. रेझिस्टर बदलताना त्याचा प्लगही बघा. प्लास्टिक वितळलेलं असेल आणि नुसता रेझिस्टर बदलला, तर तो काही महिन्यांत पुन्हा जाईल. मोटरचं बेअरिंग जड झाल्यामुळे जादा करंट ओढला जात असेल, तरीही तेच होतं.

हवा येते, पण गारवा अजिबात नाही

एसीचं बटण दाबा आणि कॉम्प्रेसरकडे बघा. पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणाऱ्या चुंबकी क्लचचा जुना प्रकार असेल तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची प्लेट फिरू लागते. पुली बेल्टबरोबर नेहमीच फिरते, तिला बघून फसू नका; प्लेट फिरते का ते महत्त्वाचं.

प्लेट फिरत नसेल तर:

१. फ्यूज आणि रिले. शेजारचा त्याच क्रमांकाचा रिले अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांचं काम.

२. सिस्टीममध्ये गॅस आहे का. गेज लावून, इंजिन बंद आणि गाडी पूर्ण निवलेली असताना दाब बघा. आर-१३४ए या गाड्यांच्या एसीतल्या नेहमीच्या गॅससाठी २० अंशाला सुमारे ६८ पीएसआय, ३० अंशाला ९७ आणि ४० अंशाला १३३ यायला हवेत. गॅस गळून दाब सुमारे २८ पीएसआयच्या खाली गेला, तर प्रेशर स्विच क्लचला वीजच जाऊ देत नाही. हा बिघाड नाही, कॉम्प्रेसर वाचवण्याची सोय आहे.

३. क्लचच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का. येत असतील आणि तरी प्लेट ओढली जात नसेल, तर इंजिन बंद करून क्लचच्या चुंबकी कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. ३ ते ५ ओहमच्या आसपास असेल तर कॉइल ठीक. अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली. काही कॉम्प्रेसरमध्ये कॉइलच्या आत थर्मल फ्यूज असतो, तो उडाला तरी हेच दिसतं. आणि तो सहसा उगाच उडत नाही, क्लच घसरून तापलेला असतो.

४. प्लेट आणि पुलीतली फट. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तीन ठिकाणी मोजा. साधारण ०.३ ते ०.६ मिमी हवी. झिजून ती ०.८–१ मिमी झाली की कॉइलला प्लेट ओढवत नाही. मधला बोल्ट काढून आतली एक पातळ शिम (धातूची चकती) कमी केली की काम होतं.

या फटीची एक खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे. सकाळी एसी झकास, अर्ध्या तासाने क्लच सुटतो, गाडी निवली की पुन्हा लागतो. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो, चुंबकाचा जोर कमी पडतो. अशा गाडीचा गॅस दोन-तीनदा बदलून झालेला असतो, आणि दोष असतो एका शिमचा.

वीजच येत नसेल तर वायर जोडून प्रेशर स्विच वगळण्याचा जुना जुगाड करू नका. गॅस नसताना कॉम्प्रेसर फिरवणं म्हणजे त्याला तेलाविना फिरवणं. शिवाय तीन तारांचा असेल तर तो स्विच नसून सेन्सर असतो. त्याच्या तारा जोडल्या तर ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं) नुकसान होऊ शकतं. इंजिन जास्त तापलं, बॅटरीचा व्होल्टेज पडला किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर ईसीयू स्वतःहून एसी तोडतो, हेही ध्यानात असू द्या. इंजिनच्या कुलंटचा बिघाड एसीच्या नावावर खपतो तो असा.

नव्या बऱ्याच गाड्यांत क्लचच नसतो. कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्यातून जाणारा गॅसचा झोत कमी-जास्त करतो. तिथे ‘टक्’ ऐकू येत नाही म्हणून कॉम्प्रेसर मेला असं ठरवू नका. त्यांत व्हॉल्व्ह अडकणं आणि पुलीच्या मधला रबरी किंवा मुद्दाम कमजोर ठेवलेला भाग तुटणं, हे दोन नेहमीचे दोष. मधला भाग तुटला तर पुली फिरते, पण शाफ्ट जागचा हलत नाही.

गळती: कुठे असते आणि कशी पकडायची

सर्वाधिक वेळ इथे द्या. गॅस कमी निघाला तर गळती सापडेपर्यंत पुन्हा भरायचा नाही.

ठिकाणं ठरलेली असतात. कंडेन्सर सर्वांत पुढे, म्हणून दगड त्यालाच लागतात आणि खालच्या कोपऱ्यांत चिखल-मीठ साचून ॲल्युमिनियम खाल्लं जातं. सांध्यांतल्या ओ-रिंग (रबरी कड्या) उष्णतेने कडक होऊन चपट्या होतात. सर्व्हिस पोर्टच्या, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाच्या, आतला व्हॉल्व्ह टायरच्या व्हॉल्व्हसारखाच असतो आणि तसाच गळतो. वरचं टोपण हरवलं असेल तर पहिला संशय तिथे घ्या, कारण टोपणातलं रबर हेच तिथलं दुसरं सील. होज जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेले असतात ते क्रिंप, क्लँपला घासून झिजलेल्या नळ्या, कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील. आणि सर्वांत त्रासाची कुलिंग कॉइल, जी डॅशबोर्डच्या पोटात असते आणि कुजलेली पानं व ओलाव्यामुळे हळूहळू पोखरली जाते.

शाफ्ट सील बहुधा न वापरल्याने जातं. थंडीत महिनोन्‌महिने एसी बंद ठेवला की सीलवरचा तेलाचा थर सुकतो. महिन्यातून एक-दोनदा १० मिनिटं एसी चालवला तर पुरतं. सील गेल्याची खूण म्हणजे क्लचच्या प्लेटवर आणि तिच्यासमोर बॉनेटच्या आतल्या बाजूला गोल पट्टीत उडालेलं तेल.

शोधण्याच्या पद्धती:

*डोळे.* गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. सांध्याभोवती ओलसर, काळपट डाग दिसला तर तो पुसून घ्या आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. इंजिन ऑइलचा डाग वरून खाली ओघळलेला असतो, एसीचा डाग सांध्यापासून सुरू होतो.

*साबणाचं पाणी.* मोठ्या गळतीपुरतं. इंजिन बंद ठेवून लावा. छोट्या गळतीत बुडबुडा यायला काही मिनिटं लागतात, तोवर बघत बसावं लागतं.

*यूव्ही डाय.* यूव्ही प्रकाशात चमकणारा हा रंग सिस्टीममध्ये घालतात, साधारण ७ मिली पुरतो. जास्त घातल्याने जास्त चमकत नाही, फक्त तेल पातळ होतं. घातल्यावर आठवडाभर गाडी चालवा, मग अंधारात यूव्ही दिवा आणि पिवळा चष्मा घेऊन नळीवरून नळी बघा. हिरवट-पिवळी चमक म्हणजे गळती. कुलिंग कॉइल थेट दिसत नाही, पण गाडीखाली पाणी सोडणाऱ्या नळीचं टोक चमकलं तर कॉइल गळतेय.

*इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर.* इंजिन बंद, पंखे बंद, सिस्टीममध्ये किमान ५० पीएसआय दाब. आर-१३४एची वाफ हवेच्या सुमारे साडेतीन पट जड असल्याने टोक सांध्याच्या खालून फिरवा, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा वेगाने नको. वरून घाईत फिरवलेला डिटेक्टर काहीच सांगत नाही. कॉइलसाठी ब्लोअर थोडा वेळ चालवून बंद करा, १० मिनिटं थांबा, मग रेझिस्टर काढलेल्या भोकातून किंवा ड्रेन नळीतून टोक आत घाला. नळीत पाणी नाही ना ते आधी बघा, सेन्सर भिजला की संपला.

*नायट्रोजन.* सिस्टीम पूर्ण रिकामी असेल तेव्हा सर्वांत भरवशाची. रेग्युलेटर लावून १० ते १२ बार (एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) दाब भरा, व्हॉल्व्ह बंद करा, तासभर थांबा. काटा पडला तर साबणाच्या पाण्याने शोधा. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर जोडणं जिवावर बेतू शकतं. ऑक्सिजन तर कधीच नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यातून पाणी आत जातं.

‘व्हॅक्यूम मारला (पंपाने आतली हवा ओढून घेतली), काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही’ हे अर्धसत्य आहे. व्हॅक्यूममध्ये सांध्यावर बाहेरून फार तर एक बारचा दाब असतो, आणि तोही ओ-रिंगला आत ओढून घट्ट बसवणारा. चालू एसीत हाय साइडला आतून १५ बार किंवा जास्त दाब असतो. मोठं भोक व्हॅक्यूममध्ये कळतं, केसाएवढं नाही.

गळती बुजवणारी रसायनं डब्यात मिळतात. ती हवा आणि ओलाव्याशी गाठ पडल्यावर घट्ट होतात, म्हणजे सिस्टीममध्ये ओलावा असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये आणि गॅस काढून घेणाऱ्या मशीनमध्येही. ओ-रिंग बदलण्याचं काम टाळण्यासाठी अख्खी सिस्टीम पणाला लावणं शहाणपणाचं नाही. ओ-रिंग बदलताना त्याच मापाची, एसीसाठीचीच घ्या, तिला एसीचं तेल लावा आणि सांधा दोन पान्यांनी धरून कसा, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळवटते.

गेज काय बोलतं

बाहेर ३० ते ३५ अंश, इंजिन १५०० आरपीएम, दरवाजे उघडे, ब्लोअर पूर्ण. लो साइड ३० ते ४५ पीएसआय आणि हाय साइड १८० ते २५० हा सर्वसाधारण पट्टा. बदलत्या झोताच्या कॉम्प्रेसरमध्ये लो साइड ३० च्या आसपास स्थिर राहते.

दोन्ही कमी: गॅस कमी. गळतीच्या भागाकडे परत जा.

दोन्ही जास्त: गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा आहे, किंवा कंडेन्सर निवत नाही. तिन्हींत फरक करता येतो. कंडेन्सरवर पाण्याची धार सोडा. हाय साइड झपाट्याने उतरून आतली हवा गार झाली तर आधी पंखा आणि कंडेन्सरच्या जाळ्या बघा. हवा आहे का हे मात्र इंजिन बंद असताना कळतं: गाडी रात्रभर उभी ठेवा आणि ३० अंशाला ९७ च्या जागी ११० किंवा जास्त दाब दिसला तर आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलेला आहे. त्याला वरून काही करून उपयोग नाही, सगळा काढून नव्याने भरायचा.

लो साइड जवळपास शून्य किंवा व्हॅक्यूममध्ये: वाट अडलीय. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर किंवा चेपलेली नळी. हाताने चाचपा, जिथे नळी अचानक गार होते किंवा तिच्यावर दव अथवा बर्फ धरतं, तिथेच अडथळा.

लो साइड जास्त, हाय साइड कमी: कॉम्प्रेसर आतून झिजला, किंवा बदलत्या झोताचा असेल तर कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला. इंजिन बंद केल्यावर दोन्ही काटे काही सेकंदांतच एकत्र आले तर कॉम्प्रेसरवर संशय पक्का होत जातो.

लो साइड जास्त आणि जाड नळीवर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उघडा राहिलाय, द्रव तसाच कॉम्प्रेसरकडे येतोय. अशी गाडी चालवू नका; द्रव दाबला जात नाही, कॉम्प्रेसरच्या आतले व्हॉल्व्ह तुटतात.

आणि गेजबद्दलची मोठी गफलत. बंद गाडीतला दाब आत *किती* गॅस आहे हे सांगत नाही. सिस्टीममध्ये थोडासा द्रव शिल्लक असेल तोवर दाब फक्त तापमानाप्रमाणे ठरतो. ४५० ग्रॅमच्या जागी २५० ग्रॅम असले तरी ३० अंशाला काटा ९७ च्याच आसपास. म्हणून नुसता काटा बघून ‘गॅस फुल्ल आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. खरं माप वजनाचं.

उभ्या गाडीत कोमट, धावताना गार

जवळजवळ नेहमी कंडेन्सरची हवा. एसी लावल्यावर पंखा लगेच किंवा दाब वाढल्यावर सुरू व्हायला हवा. दोन पंखे असतील तर दोन्ही बघा, आणि फिरण्याची दिशाही. मोटर बदलताना तारा उलट जोडल्या गेलेल्या गाड्या सापडतात. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या मध्ये कापसासारखा कचरा दाटतो, तो समोरून दिसत नाही. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने मारा. जास्त दाबाच्या धारेने पात्या आडव्या पडतात आणि हवा कायमची अडते.

आधी गार, मग बंद

क्लचच्या फटीचं वर आलंच. आणखी दोन कारणं. एक: कुलिंग कॉइलवर बर्फ. हवेचा झोत हळूहळू मरतो, एसी बंद करून १० मिनिटं थांबलं की पुन्हा येतो. कॉइलला टोचलेला थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) कॉम्प्रेसर वेळेवर तोडत नाही, किंवा तो जागेवरून निसटलाय, किंवा फिल्टर गच्च भरलाय. दोन: आत ओलावा. पाण्याचा थेंब एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, लो साइड व्हॅक्यूमकडे घसरते, बर्फ वितळला की सगळं पूर्ववत. इथे हवेचा झोत कमी होत नाही, फक्त गारवा जातो. उपाय ड्रायर बदलून लांब व्हॅक्यूम.

एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम असेल तर गॅस कमी किंवा डॅशबोर्डमधली गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकलेली. दोन झोनच्या गाड्यांत गॅस जरा कमी झाला तरी हे दिसतं. स्टार्ट करताना डॅशमागून टकटक येत असेल तर झडपेच्या मोटरचे प्लास्टिक दाते तुटलेत. खात्रीसाठी इंजिन थंड असताना हीटरचा एक होज गुळगुळीत जबड्याच्या क्लँपने दाबा. मग गाडी चालवल्यावर हवा गार झाली तर हीटरची गरम हवा आत मिसळतेय.

कॉम्प्रेसर आतून फुटला असेल

एक सांधा उघडून कापसाच्या बोळ्यावर तेल घ्या. स्वच्छ किंवा डायचा रंग असेल तर ठीक. काळं, चंदेरी कणांचं तेल निघालं तर कॉम्प्रेसरचा चुरा सगळीकडे फिरलाय. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर तो चुरा नव्यालाही खातो. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदला, नळ्या आणि कॉइल एसीच्या फ्लशिंग द्रावणाने धुऊन नायट्रोजनने वाळवा. आजच्या बारीक चपट्या नळ्यांचा कंडेन्सर धुतला जात नाही, तोही बदलावा लागतो. कुणी ‘फ्लश करून देतो’ म्हणालं तरी.

गॅस भरण्याची रीत

डोळ्यांवर गॉगल, हातांत मोजे. आर-१३४ए वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशाला उकळतो. डोळ्यात उडाला तर डोळा गोठतो. जवळ ज्योत, वेल्डिंग, सिगारेट नको, आगीत या गॅसचं विघटन होऊन विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं.

१. उरलेला गॅस मशीनने काढून घ्या आणि त्याचं वजन लिहून ठेवा. हवेत सोडू नका. आर-१३४एचा एक किलो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार किलोंहून जास्त भरतो. बॉनेटखालच्या लेबलवर ४५० ग्रॅम आणि निघाले २८० ग्रॅम, तर १७० ग्रॅम किती काळात गेले यावरून गळतीचा वेग कळतो.

२. सिस्टीम उघडली असेल तर ड्रायर नवा. तो सीलबंद पाकिटातून सर्वांत शेवटी काढा. उघड्यावर ठेवलेला ड्रायर हवेतलं पाणी पिऊन बसवण्याआधीच संपतो. बऱ्याच गाड्यांत तो कंडेन्सरच्या कडेला बाटलीसारखा असतो.

३. तेल. जेवढं निघालं तेवढं परत, अधिक बदललेल्या भागाचं: कंडेन्सरला साधारण ३० ते ४० मिली, कुलिंग कॉइलला ४० ते ५०, ड्रायरला १५ ते २०, एका नळीला १० मिली. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच अंतिम. तेल पीएजी (एसीचं कृत्रिम तेल) ४६, १०० की १५० हे कॉम्प्रेसरच्या लेबलवर असतं. पीएजी हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं, महिनाभर उघडी राहिलेली बाटली टाकून द्या. जास्त तेलही वाईट. ते कॉइलच्या भिंतींवर थर करतं आणि गारवा घटतो.

४. व्हॅक्यूम किमान ३० मिनिटं, सिस्टीम बराच काळ उघडी असेल तर तासभर. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईने मोजणारं) असेल तर ५०० ते १००० मायक्रॉनपर्यंत उतरवा. हेतू हवा काढण्यापेक्षा पाणी काढण्याचा जास्त: २५ अंशाला पाणी उकळायला दाब सुमारे २४ मिमी पाऱ्याखाली यावा लागतो. गाडी थंडगार असेल तर पाणी निघायला वेळ लागतो, ऊन किंवा गरम झोत मदतीला घ्या. मग व्हॉल्व्ह बंद करून २० मिनिटं काटा बघा.

५. भरणं वजनकाट्यावर. होजचं टोक क्षणभर सैल करून आतली हवा बाहेर घालवा. इंजिन बंद असताना व्हॅक्यूमच्या ओढीने जेवढा जाईल तेवढा जाऊ द्या, उरलेला इंजिन चालू करून लो साइडने, डबा उभा धरून वायुरूपात. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, म्हणजे नाहीच. दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटतो.

६. लेबलच्या आकड्यावर थांबा. ४५० ग्रॅमच्या सिस्टीममध्ये ५० ग्रॅम म्हणजे ११ टक्के. लहान गाड्यांत एवढी चूक उभ्या गाडीत लगेच जाणवते. ‘थोडा जास्त टाकला की जास्त गार’ होत नाही. जादा द्रव कंडेन्सरची जागा अडवतो आणि दाब चढतो.

७. टोपणं ओ-रिंगसह लावा, पुन्हा थर्मामीटर, आणि दुरुस्त केलेल्या सांध्यावर पुन्हा डिटेक्टर.

लेबलवर आर-१२३४वायएफ हा नवा गॅस असेल तर त्यात आर-१३४ए घालू नका. दोन्हींचे सर्व्हिस पोर्ट मुद्दाम वेगळे आहेत. ॲडॉप्टर लावून मिसळलेला गॅस कुठलंही चांगलं मशीन परत घेत नाही. युरोपीय संघात २०१७ पासून सर्व नव्या गाड्यांना आर-१३४ए बंद झाला, त्यामुळे नवा गॅस आता सर्रास आढळतो. तो सौम्य ज्वलनशील आहे, मोकळ्या हवेत आणि त्याच्यासाठीच्या मशीननेच काम करा.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत कॉम्प्रेसर विजेवर चालतो. केशरी तारांत शेकडो व्होल्ट असतात, प्रशिक्षणाशिवाय त्या प्लगला हात लावू नका. त्यात पीएजी तेल चालत नाही, पीओई प्रकारचं लागतं. गेज किंवा मशीनच्या होजमध्ये आधीच्या गाडीचं उरलेलं थोडं पीएजीसुद्धा इन्सुलेशन बिघडवून गाडी बंद पाडू शकतं. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीही याच गॅसवर निवते, त्यामुळे तिथे गॅस कमी झाल्याची पहिली खूण कधी कधी जलद चार्जिंग मंदावणं ही असते.

वास आणि पायाखालचं पाणी

बाजूच्या सीटचा गालिचा ओला झाला तर तो गॅस नाही; कॉइलवर साचलेलं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलीय. गाडीखालून मऊ तार किंवा कमी दाबाची हवा द्या. कुबट वास बुरशीचा. फेसाळ क्लीनर ड्रेन नळीतून किंवा फिल्टरच्या जागेतून कॉइलवर मारून १५ मिनिटं ठेवा, फिल्टर बदला. पुढे मुक्कामी पोचण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवला की कॉइल कोरडी होते आणि वास परत यायला बराच वेळ लागतो.